अडतीस इंचांखाली

औषधांच्या दुकानातल्या मुलीनं त्याचं नाव जरा जास्तच मोठ्यानं पुकारलं. "ब्रेके! ऑर्विल ब्रेके!" म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही, असं तिनं धरूनच ठेवलेलं असावं. तो गुडघा सावरत उठला, रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी घेतली आणि वळतो तोच खुर्च्यांच्या रांगेतली एक बाई येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. बुटांना चिखल लागलेला, आणि तो चिखल शहरातला नव्हता. एवढं त्याला न वाकताही कळलं. "लडलम माती लिहिणारे ब्रेके ते तुम्हीच का?" तिनं विचारलं. रांगेतल्या दोघातिघांनी मान वर करून पाहिलं. माती लिहिणारा माणूस कसा दिसतो हे पाहायची संधी मिसूला शहरातसुद्धा रोज येत नाही. "मी ॲर्डिस. अल्वा लडलमची मुलगी. तुम्ही आमच्याकडं खड्डा खणायला आला होता ना, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आईनं हकलबेरीचा केक केला होता, तुम्ही तीन तुकडे खाल्लेत." ऑर्विल हसला. हसताना आपले कान तापलेत हे त्याला कळत होतं. "बाबा मंगळवारी गेले," ती म्हणाली. "नव्वद पुरी केली होती, त्यामुळे तसं काही नाही. उरलेल्या गोळ्या परत करायला आले होते, तर म्हणतात घेत नाही. शनिवारी पुरायचंय. शेतावरच. तुम्ही खणलं होतं ना, बरोब्बर तिथंच. फीत लावून मोजून ठेवलेली जागा आहे त्यांची. आणि तो तुमचा कागद कुणीतरी वाचावा, अशी त्यांची इच्छा होती. आता तुम्हीच भेटलात म्हटल्यावर दुसरं कोण वाचणार?" नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं आणि त्याच्याजवळचं एकमेव कारण औषधांच्या दुकानात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "येईन ना. आनंदानं." मग आनंद हा शब्द तिथं शोभत नाही हे लक्षात येऊन त्याला आणखी लाज वाटली.

घरी जाताना पुलावर तो थांबला. मे महिना, डोंगरातला बर्फ वितळून नदीला गढूळ लोंढा आलेला. इतर लोक पुलावर थांबून पाणी बघतात. त्याची नजर सवयीनं काठाच्या कापाकडं जाई. वर काळपट माती, खाली वाळू, मग गोटे. एकतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, भिंत चाकूनं खरवडून ताजी करायची, ढेकूळ ओलं करून रंगांच्या वहीतल्या चौकोनांशी लावून बघायचं, अंगठा आणि बोटामध्ये दाबून त्याची पट्टी किती लांब निघते ते पाहायचं आणि लिहायचं. लिहिलं की ती माती झाली. तिला नाव मिळायचं, जवळच्या गावाचं नाहीतर ओढ्याचं, आणि मग तशी माती चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या खोऱ्यात सापडली तरी नकाशावर तेच नाव पडायचं. पण प्रत्येक नावाला एक घर असायचं: एक ठरावीक खड्डा. पुलापासून इतके फूट उत्तरेला, कुंपणाच्या कोपऱ्यापासून इतके फूट पश्चिमेला. कुणालाही शंका आली तर त्यानं तिथं जाऊन खणावं आणि कागदाशी ताडून पाहावं. सगळा धंदा त्या एका भरवशावर उभा होता. आणि गंमत म्हणजे शंका कुणालाच येत नसे. दगडगोट्यांनी भरलेल्या जमिनीत पाच फूट खणायची हौस जगात किती जणांना असणार? हे त्याला तेव्हाही माहीत होतं. हेच तर त्याला माहीत होतं.

कागद त्याला तोंडपाठ होता. लडलम: डोंगरी ओढ्यांच्या काठच्या टप्प्यांवरची, फार खोल, पाण्याचा चांगला निचरा होणारी, गोट्यांनी भरलेली जंगलमाती. वर दोन इंच लार्च आणि फर या झाडांच्या सुया, डहाळ्या, अर्धवट कुजलेलं. त्याखाली सात इंच तपकिरी, पिठासारखी मऊ, हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा ज्वालामुखीची राख मिसळलेली. मग एकोणीस इंचांपर्यंत फिकट, खड्यांची. एकोणीस ते अडतीस, शंभरातले चाळीस भाग गोटे, वाटोळे, नारळाएवढे नि त्याहून मोठे, मुळं फक्त गोट्यांच्या फटींतून. अडतीस ते साठ, सुटी वाळू, गोटे निम्म्याहून जास्त, चिकट नाही, ओली केली तरी आकार धरत नाही, पाणी झरझर जातं. चांगलं लिहिलं होतं. ऑफिसात त्या कागदाची नक्कल नव्या लोकांना वळण म्हणून देत. इंच न् इंच मोजल्यासारखं वाटायचं. त्यातलं अडतीस इंचांपर्यंतचं सगळं खरं होतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, हे तो इतकी वर्षं स्वतःला सांगत आला होता. जणू सप्टेंबरचाच गुन्हा. पाहणीचा हंगाम संपत आला होता, नाव वरून मंजूर झालं होतं, फक्त खड्ड्याचं वर्णन जायचं राहिलं होतं. तो बेचाळीस वर्षांचा होता आणि पाठ गेली होती. लडलम ओढ्याकाठच्या टप्प्यावर, पायरीसारख्या सपाट जागेवर, लार्चच्या सावलीत, तो आणि अल्वा लडलम सकाळपासून आळीपाळीनं खणत होते. अल्वाला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या आजोबांनी ज्या ओढ्याकाठी पहिली झोपडी बांधली त्याचं नाव मातीला मिळणार म्हटल्यावर तो स्वतःची पहार घेऊन आला होता, आणि वर टिंगल करत होता. "काय सरकार, दमलात? लिहिताना हात असे थरथरत नाहीत ना?" फावडं चालतच नव्हतं, पहारेनं एकेक गोटा ढिला करायचा, पोटाशी धरून वर द्यायचा, की त्याच्यामागं दुसरा गोटा तयार. "आजोबा म्हणायचे, इथं पेरतो आपण गहू आणि उगवतात गोटे," अल्वा म्हणाला. "दर वर्षी पीक एकदम झकास." तीनच्या सुमाराला खालच्या घरातून वेल्मानं, अल्वाच्या बायकोनं, हाक दिली की केक भट्टीतून काढलाय आणि तो काही तुमच्या खड्ड्यासाठी थांबणार नाही. ऑर्विल खड्ड्यात होता. फीत लावली तर अडतीस इंच. त्यानं आणखी एक गोटा काढला, उलटा केला, आणि त्याच्या पोटाला गंजाचे ठिपके दिसले.

चार ठिपके. नारिंगी, मसुरीएवढे. बाजूच्या मातीतही एक करडी रेघ. या धंद्यातल्या कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही: इथं पाणी थांबतं. वरून आलेलं पाणी खाली जायला वाट नसल्यासारखं महिनोन् महिने इथं थांबतं, म्हणजे खाली काहीतरी आहे. या खोऱ्यात एके काळी बर्फाच्या बांधानं अडवलेलं प्रचंड तळं होतं, त्याच्या तळाची चिकणमाती कुठं कुठं गोट्यांखाली दडलेली असते, हे तो स्वतः नव्या लोकांना शिकवत असे. आणखी फूटभर खणलं असतं तर कळलं असतं. फूटभर म्हणजे त्या जमिनीत दोन तास. आणि खाली चिकणमाती निघाली असती तर हा खड्डा या नावाचा राहिला नसता, दुसरी जागा शोधावी लागली असती, दुसरा आठवडा, दुसऱ्या कुणाचा तरी ओढा. ऑर्विलनं अंगठ्यानं ते ठिपके पुसले. पुसले, हा खरा शब्द. तो पुसत असताना अल्वा खड्ड्याच्या काठावर बसून पाईप भरत होता आणि त्याची इकडं पाठ होती. "झालं?" अल्वानं विचारलं. "झालं," तो म्हणाला. "खाली असंच असणार." अल्वा म्हणाला, "साठ इंच लागतात म्हणाला होता ना तुम्ही?" आणि त्यानं उत्तर दिलं, अगदी हसून, "अहो, तुमच्या बायकोचा केक थंड होईल." पुढं तीन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून, तीन मैल खाली असलेल्या खडीच्या खाणीत दिसलेला वाळूचा थर त्यानं अडतीस ते साठ या ओळीत उतरवून टाकला. टप्पा तोच, ओढा तोच, काय बिघडलं? खड्ड्याच्या चतकोर कागदात एक ओळ इकडची तिकडे.

या गोष्टीत मोठं असं काही नव्हतं, हीच तिची खोड होती. कुणाचा जीव घेतला असता, कुणाची बायको पळवली असती, तर माणूस निदान आपल्यालाच भ्याला असता. इथं एक केक आणि पाठदुखी. बायकोला, मारिटला, त्यानं हे कधी सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट होती असं नाही, पण ही लपवायला सगळ्यात कमी मेहनत पडली होती. रात्री जाग आणणारी ही लाज नव्हती. दाढी करताना, फळं निवडताना, कुणी त्याच्या नेकीची तारीफ केली की ती अचानक मानेमागून वर चढायची आणि कानांत येऊन बसायची. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले होते, ब्रेकेनं लिहिलं म्हणजे डोळे मिटून सही करावी. टाळ्या झाल्या. त्यानं मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला. बरं, अल्वाची पत्रं येत. दर नाताळाला एक. कुठल्या तरी दूरच्या तालुक्याच्या नकाशावर पुन्हा आपलं नाव सापडल्याची बातमी, आणि खाली, "माझी गुरं जातात त्याच्यापेक्षा माझं नाव लांब चरायला जातं." बत्तीस पत्रं आली. ऑर्विलनं पहिल्या दोनांना उत्तर दिलं होतं.

शनिवारी सकाळी ॲर्डिस गाडी घेऊन दारात आली. मागच्या बाजूला पाण्याची बादली, दोरखंड आणि कुणीतरी दिलेली बटाट्याच्या भाजीची दोन मोठी भांडी फडक्यात बांधून ठेवलेली. शहर सुटलं, मग गव्हाची शेतं, मग रस्ता ओढ्याच्या कडेनं डोंगरात शिरला आणि दोन्ही अंगांना लार्चची कोवळी हिरवी पालवी दिसायला लागली. ती बोलत होती. बापाविषयी बोलताना लोक पहिल्या आठवड्यात जसं बोलतात तसं, थोडं हसून, थोडं तक्रार करून. "तुम्हाला म्हणून सांगते, आता काय, ते गेलेत. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी तो खड्डा पुढं खणला. माहीत होतं तुम्हाला?" ऑर्विलनं नकारार्थी मान हलवली. "म्हणाले, बिचाऱ्याची पाठ दुखत होती, संकोचानं बोलला नाही. आपण साठ इंच करून ठेवू, तो पुन्हा येईल तेव्हा त्याला आयता खड्डा मिळेल. दिवसभर खणत होते. आई वैतागली होती. आणि संध्याकाळी घरी आले ते तोंड एवढंसं करून. खाली निघाली निळी-करडी चिकणमाती. सकाळपर्यंत खड्ड्यात वीतभर पाणी." गाडीनं वळण घेतलं आणि बादली मागं खणखणली. "त्यांना वाटलं, आपली जमीनच खोटी निघाली. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही बघून सांगितलंत की खाली असंच असणार, म्हणजे दुसरीकडं तसंच असणार. फक्त आपल्याच टप्प्यात काहीतरी वाकडं. दोन दिवसांत सगळं बुजवलं त्यांनी. मला म्हणाले, ॲर्डी, कुणाला बोलू नकोस, कळलं तर नाव काढून घेतील."

इतक्या वर्षांत ऑर्विलनं या गोष्टीचे सगळे शेवट कल्पून पाहिले होते: कुणी तरुण येऊन खणेल, पत्र येईल, ऑफिसात बोलावणं येईल. त्यानं केलेलं पाप कुणी दुसराच आपल्या अंगावर घेऊन जगत असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. "मग तुमचा कागद आला आणि त्यांनी बटाट्यांचं तळघर केलं तिथंच, खड्ड्याच्या पलीकडं," ॲर्डिस सांगत होती. "आई म्हणाली, अहो, तुम्ही स्वतः पाणी बघितलंत ना? तर म्हणे, ते वर्षच ओलं असेल, कागदात लिहिलंय ना, पाणी झरझर जातं. दर मे महिन्यात तळघर भरायचं. हे बादलीनं उपसायचे, आणि शेजारी आले की म्हणायचे, हातून पिंप सांडलं. तीस वर्षं तेच पिंप सांडत होतं." ती हसली. हसता हसता तिनं मनगटानं डोळे पुसले. मग तिनं अगदी सहज विचारलं, "का हो, ते वर्ष खरंच ओलं होतं का?" त्या सप्टेंबरला ओढ्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. खड्ड्यातून उडालेली धूळ तीन दिवस त्याच्या दातांत करकरत होती. ही वेळ होती, गाडीत दोघंच होते, तिनं दार उघडून धरल्यासारखा प्रश्न विचारला होता. "असेल," तो म्हणाला. "आता आठवत नाही." सत्तरी ओलांडलेल्या माणसानं आठवत नाही म्हटलं की लोक लगेच मान्य करतात. ती मान्य करून गिअर बदलायला लागली. आपण आत्ता, या क्षणी, पुन्हा एकदा अंगठा फिरवला, हे त्याला स्पष्ट कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

टप्प्यावर दहा-बारा माणसं जमली होती. शेजारपाजारची, इस्त्रीच्या सदऱ्यांवर रोजचेच कोट घातलेली. लार्चच्या फळ्यांची पेटी दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली. ती डेलनं, ॲर्डिसच्या धाकट्या भावानं, घरीच केली होती. डेल मात्र पेटीजवळ नव्हता. तो कबरेत होता, रबरी बुटांनी, आणि बादल्या भरून वर देत होता. "या, साहेब," तो खालूनच म्हणाला. "बरं झालं आलात. काल खणलं तेव्हा सादळलेलं होतं, आज सकाळी बघतो तर फूटभर पाणी. उपसतोय तेवढं पुन्हा भरतंय. आमच्या म्हाताऱ्याला पोहता येत नव्हतं हो." कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. ऑर्विल काठाशी गेला. कबर नीट खणली होती, बाजू सरळ, जुन्या खड्ड्याच्या भिंतीपर्यंत नेलेल्या. आणि समोरची भिंत सबंध दिसत होती. बत्तीस वर्षं त्यानं जी पाहिली नाही ती. वर सुयांचा काळा पापुद्रा, मग राखेची तपकिरी, मग फिकट, मग गोटे, गोटे, आणि गोट्यांखाली फीत लावून कापल्यासारखी सरळ, करडी-निळी चिकणमाती, तिच्यात नारिंगी शिरा. गोटे आणि चिकणमातीच्या सांध्यातून पाणी बारीक धारेनं आत येत होतं. "चार फुटांपर्यंत फावडं लापशीत चालावं तसं चाललं," डेल बाहेर येत म्हणाला. "एकदा खणलेलं होतं ना. खालचं मात्र सोडत नाही बुटाला."

उकरलेल्या मातीचा ढीग बाजूला होता आणि ढीग नेहमीच उलटा लागतो: वरचं खाली जातं आणि सगळ्यात खोलचं सगळ्यात वर येतं. त्या ढिगाच्या माथ्यावर चिकणमातीचे चकचकीत गोळे सकाळच्या उन्हात पडलेले होते, कुणालाही दिसतील असे. ॲर्डिसनं कागद त्याच्या हातात दिला. टोप्या उतरल्या. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि त्याचा आवाज चांगला लागला, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. "लडलम. डोंगरी ओढ्यांच्या काठच्या टप्प्यांवरची, फार खोल, पाण्याचा चांगला निचरा होणारी." कबरेत पाणी ठिबकत होतं. माणसं गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. एकाच्याही चेहऱ्यावर प्रश्न नव्हता. पायाशी पाणी दिसतंय आणि कानांना निचरा ऐकू येतोय, तरी ती कानांवर विश्वास ठेवत होती, कारण कागद होता. अल्वानंही हेच केलं होतं. स्वतःच्या हातांनी काढलेली चिकणमाती त्यानं खोटी मानली होती. सुया झाल्या. राख झाली. खडे झाले. "एकोणीस ते अडतीस इंच," त्यानं वाचलं, "गोटे शंभरातले चाळीस भाग, मुळं फक्त फटींतून." पुढची ओळ आली आणि तो थांबला. दोन सेकंद गेले असतील. कुणाला वाटलं म्हातारा गहिवरला. एका बाईनं रुमाल काढला. गहिवराचा तो फायदा घेता आला असता. कागद घडी करून छातीशी धरायचा, मान हलवायची, झालं. बाकीचं ॲर्डिसनं वाचलं असतं.

"इथून पुढचं इथलं नाही," ऑर्विल म्हणाला. कुणाला समजलं नाही. "मी अडतीस इंचांवर थांबलो होतो," तो म्हणाला. "पुढचं मी खणलं नाही. तीन मैल खाली खडीची खाण होती, तिथलं बघून लिहिलं. खाली पाणी थांबतं याच्या खुणा मला दिसल्या होत्या. एका गोट्यावर. मी त्या पुसून टाकल्या." आता आवाज चांगला नव्हता. "अल्वानं दुसऱ्या दिवशी खणलं ते बरोबर होतं. त्याची जमीन खोटी नव्हती. ते वर्ष ओलं नव्हतं, ॲर्डिस. मी मघाशी खोटं बोललो. ते वर्ष कोरडं ठणठणीत होतं." लार्चमध्ये एक खार टकटक करत होती, ती थांबली. डेल हातातली बादली खाली ठेवायची विसरून उभा होता, आणि त्यातलं पाणी त्याच्या बुटावर सांडत होतं. "म्हणजे तळघर..." तो म्हणाला.

ॲर्डिस ऑर्विलकडं बघत राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो तिथं उभा राहून त्याचीच वाट बघत होता, थप्पड खायला गाल पुढं करावा तसा. "बत्तीस वर्षं," ती म्हणाली. "दर नाताळाला ते तुम्हाला पत्र लिहायला बसायचे. ही वही काढ, ते पेन दे, चष्मा कुठाय. आई चिडायची, म्हणायची, तो माणूस उत्तरसुद्धा देत नाही. तर म्हणायचे, त्याला कामं असतात गं. एक ओळ लिहायची होती तुम्ही. एक. अल्वा, तुझा खड्डा बरोबर होता." "हो," ऑर्विल म्हणाला. "का नाही लिहिली?" "लाज वाटली." "कुणाची?" शेजाऱ्यांपैकी एक म्हातारा मध्येच म्हणाला, "जाऊ दे, ॲर्डिस, आज नको," तशी ती त्याच्यावरच उखडली. "आजच. उद्या हे घरी जातील आणि बाबा या पाण्यात पडून राहतील. यांनी लिहिलं म्हणून त्यांनी इथली जागा मागितली. स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघितलेला माणूस, आणि यांनी लिहिलंय म्हणून इथं मागितली!"

सांध्यातून पाणी येतच होतं. मघाशी डेलनं उपसलेला तळ पुन्हा झाकला गेला होता. पेटीवर एक लार्चची सुई पडली होती, ती डेलनं बोटानं उचलली. "इथं नाही ठेवायचं त्यांना," तो बहिणीला म्हणाला. "मी ठेवणार नाही." तिनं मान हलवली. दोघांनी टप्प्यावरून नजर फिरवली. वर डोंगराच्या पायथ्याशी आणखी एक टप्पा होता, ओढ्यापलीकडं आणखी एक, सगळीकडं तीच झाडं, तेच गवत, गोटे डोकं वर काढून बसलेले. वरून बघून काही कळण्यासारखं नव्हतं. ॲर्डिस पुन्हा ऑर्विलकडं वळली. राग होता, पण आता त्यात गरजही होती आणि तिला त्या गरजेचाही राग आला होता. "ही सगळी जमीन तुम्ही नकाशावर रंगवलीत ना? सहाशे एकर. मग सांगा. यातल्या कुठल्या जागेत पाणी नाही?"

ऑर्विलनं वरच्या टप्प्याकडं पाहिलं. तो उंच होता, ओढ्यापासून लांब. लार्च तिथं बारीक होते, म्हणजे कोरडं असावं. बोट दाखवून तिथं, असं म्हणणं शक्य होतं. तो म्हणाला असता तर त्यांनी ऐकलंही असतं, अजूनही, एवढं सगळं ऐकून झाल्यावरही. ते त्याला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "खणल्याशिवाय सांगता येणार नाही."

डेलनं बादली खाली ठेवली. मातीच्या ढिगात रोवलेली पहार त्यानं उपटून काढली, तिला लागलेली चिकणमाती बुटाला पुसली, आणि ती ऑर्विलपुढं धरली.